तमाशातला विनोद आणि पांढरपेशांचे हसू

प्रश्न
आमच्या घरात चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' यांची पारायणे झाली आहेत. माझ्या एका सहकाऱ्याचे बालपण मात्र जत्रेतल्या तमाशाच्या कनातीत गेले. चाळीतल्या विनोदाने तो फारसा खुलत नाही आणि तमाशातल्या 'मावशी' या पात्राच्या संवादांनी मला संकोच वाटतो. हा निव्वळ आवडीनिवडीचा भाग आहे, की जात, वर्ग आणि गाव यांतून विनोदाची जाणच निराळी घडते?

प्रतिसाद १
निराळी घडते, असे माझे ठाम मत आहे. चाळीतला 'उपास' घ्या. वजन उतरवण्यासाठी माणूस जेवण सोडतो आणि शेजारीपाजारी त्याला सल्ले देतात, यातली गंमत दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नसलेल्या घरातच पुरती पोचते. उलट गवळणीत, म्हणजे तमाशातल्या कृष्ण-गौळणींच्या प्रवेशात, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो, तेव्हा लुगडे नेसलेला पुरुष, म्हणजे मावशी, प्रत्यक्ष देवाला तोंडावर उलट उत्तरे देते, आणि पुढे वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, सोंगाड्या हा विनोदी नट राजालाही सोडत नाही. ही कला प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी जोपासली. ज्यांना एरवी पाटलासमोर मान वर करण्याची सोय नव्हती, त्यांना ती मोकळीक फडावर मिळत असे. मध्यमवर्गीय विनोद स्वतःच्या सवयींना हसतो, तर हा विनोद वरच्याला हसतो.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण आपल्या संकोचाकडेही पाहायला हवे, कारण तोही संस्कारांतूनच आलेला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि ती उठवताना संहिता आधी तपासून घेण्याची अट लावली. ज्या बतावणीचा, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांचा, जीवच समोरचा प्रेक्षक पाहून ऐनवेळी सुचणाऱ्या उत्तरात आहे, ती आधी कागदावर लिहून मंजूर करून घ्यायची, हा माझ्या मते त्या कलावंतांवर मोठा अन्याय होता. सभ्य काय नि असभ्य काय, हे ठरवणारे बहुधा कनातीत कधी बसलेही नव्हते.

प्रतिसाद ३
या सीमा कायमच्या नसतात, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते. शहरी नाटकात बोली बोलणारा माणूस बहुतेक वेळा गडी म्हणून येई आणि त्याच्या बोलण्यालाच लोक हसत. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले, त्यात महाभारतावरचे नाटक बसवणारी कोकणातली मंडळीच मालवणीत विनोद करू लागली आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. मालवणी ज्यांच्या घरची नव्हती तेही त्या नाटकाला आवर्जून जात. त्यामुळे आपण सहकाऱ्यासोबत एकदा वग पाहावा आणि टाळी नेमकी कोणत्या वाक्याला पडते, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे, असे मी सुचवेन.