मावशींच्या फॉर्मवर तुम्ही सही केलीत?

घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने कल्याण मंडळ आलं. नोंदणीला मालकाचा दाखला लागतो. आमच्या मावशींनी फॉर्म पुढे केला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ह्यांना विचारून सांगते." बारा वर्षं घराची किल्ली त्यांच्याकडे आहे, आणि सहीला माझा हात अडला! तुमच्याकडे काय झालं? कामाला जाणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

मुलुंड
आईची चार घरं. एक बाई म्हणाल्या, "आज सही दिली की उद्या पीएफ मागशील." त्या फॉर्मचा आणि पीएफचा काय संबंध? आई तीन आठवडे तो कागद दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून फिरत होती. शेवटी सगळ्यात कमी पगार देणाऱ्या आजोबांनी सही केली, खाली फोन नंबरही लिहिला. पगार अजून तेवढाच.

अंधेरी
सही दिली, तर महिन्याला चार सुट्ट्या मागितल्या. राग आला, खोटं कशाला बोलू. मी स्वतः पाच दिवसांचा आठवडा घेते. दोनवर जमलं. पूर्वी सरळ फोन बंद असायचा, आता कालनिर्णयवर आधीच गोल करून ठेवतात. पण सकाळचा चहा घेत दहा मिनिटं बसायच्या, ते बंद झालं. का, ते विचारायचा धीर होत नाही.

बोरिवली
असे कायदे आले की रेट वाढतात, एवढंच कळतं.

मुलुंड
काका, मंडळ पगार ठरवत नाही, योजना चालवतं. घरकामगारांच्या वेगळ्या कायद्यासाठी समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. रेट त्याच्या आधीपासूनच वाढतायत.

भांडुप
मी पोळ्या करते, मुलगी टाइप करतेय. 55 पूर्ण झाली की मंडळाकडून 10,000 सन्मानधन असतं. माझी 56 झाली, पण आधारवर 49. रेशनकार्डाच्या वेळी कुणीतरी अंदाजाने टाकलेलं. मॅडमनी गावच्या शाळेत फोन लावला, जुनं रजिस्टर शोधायला सांगितलं. त्यांच्याच घरी दिवाळीचा बोनस मागताना मात्र अजून माझी जीभ अडखळते.

धागाकर्ती
काल सही केली. मावशी म्हणाल्या, "शाई वाळू द्या ताई, मागच्या घरी पुसली होती." म्हणजे आमच्या आधी दुसरीकडे विचारून झालं होतं.