विषय: एका शहराच्या रिफंडिंग रोख्यांवर अख्ख्या राज्याचं मतदान कशाला?

काका, नमस्कार.
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या जुन्या मतपत्रिकांवर ‘अमुक शहराला रिफंडिंग रोखे (म्हणजे जुने रोखे फेडायला काढलेले नवे रोखे) काढू द्यावेत का’ असे प्रश्न दिसतात. कर्ज शहराचं, फेडणार तिथलेच करदाते. मग डोंगरातल्या खेड्याला मत कशाला? आणि हे शेवटी नवं कर्जच ना?

---

ताई,
कर्जाची मर्यादा राज्यघटनेतच होती, म्हणून. १८७७ च्या घटनेनं शहराच्या कर्जाला करपात्र मालमत्तेच्या आकारणीच्या ७ टक्क्यांचं कुंपण घातलं. त्याच्या आतल्या नव्या कर्जालाही दोन-तृतीयांश पात्र मतदारांची संमती हवी. ‘पात्र’ म्हणजे मत टाकायला आलेले नव्हेत, त्यामुळे घरी बसलेला माणूसही विरोधातच धरला जाई! रोख्यांची मुदत भरली, तिजोरीत खडखडाट, नवे रोखे कुंपणाबाहेर. अशा शहराला सवलत द्यायची तर घटनादुरुस्तीच करावी लागे, आणि तिच्यावर राज्यभर मतदान. १९४५ पर्यंत त्या घटनेला तीनशेहून जास्त दुरुस्त्या झाल्या, त्यांतल्या पुष्कळ अशाच स्थानिक.

नवं कर्ज म्हणाल तर मुद्दल तेच, कागद नवा. घर रिफायनान्स करतो तसंच. खोट असते ती मुदतीत. १ कोटी डॉलर बाकी, ५ टक्के, १० वर्षं: वर्षाला साधारण १२.९५ लाख. ४ टक्क्यांवर त्याच १० वर्षांत १२.३३ लाख, म्हणजे एकूण सव्वासहा लाख वाचले. पण ४ टक्क्यांवरच २० वर्षं केली, तर हप्ता ७.३६ लाखांवर येतो आणि एकूण भरणा १२९.५ वरून १४७ लाखांवर जातो. दर उतरला, हप्ता उतरला, शहर मात्र साडेसतरा लाखांना बुडालं.

---

काकांच्या हिशोबात एक भर. ते सव्वासहा लाख दहा वर्षांत विखुरलेत. आजच्या किमतीत जेमतेम ५ लाख. त्यातून वकील, सल्लागार, अंडररायटर (रोखे बाजारात विकून देणारी संस्था) यांचा खर्च वजा करा. तो दीड लाख धरला तर उरतात मुद्दलाच्या साडेतीन टक्के. ३ टक्क्यांच्या खाली गेलं की सहसा कोणी या फंदात पडत नाही.

१९८३ पासून लागू असलेल्या जॉर्जियाच्या घटनेत रिफंडिंगला मतदान लागतच नाही. अट एवढीच की मूळ कर्जाची मुदत लांबवायची नाही आणि व्याजदर वाढवायचा नाही. मुद्दल थोडं वाढलेलं चालतं, पण उरलेल्या मुदतीतला एकूण भरणा कमी व्हायला हवा.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्याचा काच वेगळा. २०१७ संपल्यापासून करमुक्त रिफंडिंग (ज्याच्या व्याजावर गुंतवणूकदाराला केंद्राचा कर लागत नाही) करायचं तर नवे रोखे निघाल्यापासून ९० दिवसांत जुने फेडावे लागतात. जुने रोखे बहुधा १० वर्षांनंतरच मुदतीआधी फेडता येतात. त्याआधीच दर उतरले आणि घाई केली, तर करपात्र रोखे काढायचे आणि ती तारीख येईपर्यंत पैसा सरकारी रोख्यांत अडकवून ठेवायचा. तिथे मिळणारं व्याज आपण देतो त्याहून कमी असलं की बचत तिथेच गळते.

तेव्हा नगर परिषदेच्या ठरावात बचतीचा आकडा नंतर वाचा, आधी जुन्या-नव्या शेवटच्या हप्त्याच्या तारखा शेजारी मांडा.