मदत हवी आहे: इग्वाना ११ दिवस काही खात नाहीये, ठाण्याजवळ कुणाला दाखवू?

सुलभा_वर्तकनगर | ११ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते, त्यामुळे धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर कृपया हलवावा.

आमच्याकडे हिरवा इग्वाना (पाला खाणारा मोठा सरडा) आहे. म्हणजे लेकाचा आहे. लेक जूनमध्ये नोकरीला बंगळुरूला गेला आणि भैरू माझ्या गळ्यात पडला. वय साडेतीन वर्षं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चार फुटांना थोडा कमी. सुरुवातीला मी पाला चिमट्याने द्यायचे, आता हाताने देते, एवढी माझी प्रगती.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याने खाणं कमी केलं आणि ३१ तारखेपासून पूर्ण बंद. शेवग्याचा पाला, मेथी, किसलेला लाल भोपळा, फरसबी, सगळं जांभळी नाक्यावरून ताजं आणते. जास्वंदाच्या फुलासाठी तर हा पिंजऱ्याच्या दाराला लटकायचा. काल फूल नाकाशी धरलं, त्याने जीभ लावली आणि मान फिरवली. आमच्या सासूबाई माझ्या पहिल्या पुरणपोळीला फिरवायच्या तशी.

मलूल म्हणावा तर तसा नाही. उलट रात्रभर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात खरखर चालू असते, खालच्या मजल्यावरच्यांनी उंदीर झालेत का म्हणून विचारलं. दुपारी तासभर मोकळा सोडते, तर या आठवड्यात दोनदा तुळशीची कुंडी उकरून ठेवली. माती सोफ्यापर्यंत. शी चार दिवस नाही. पाणी पितो. नाकाच्या टोकाला पांढरी पूड दिसते आणि अधूनमधून शिंकतो, सर्दी असेल का?

जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. कुत्र्यांसाठी चांगले आहेत, पण यांनी टेबलापासून दोन हात लांब उभं राहून बघितलं, लिव्हरचं टॉनिक लिहून दिलं आणि "थंडी आहे, खाईल" म्हणाले. टॉनिक अजून दिलेलं नाही.

वजन केलं. उशीच्या अभ्र्यात घालून रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला लावला (रद्दीवाला अजून बोलत नाही माझ्याशी). २ किलो ३०० ग्रॅम. ऑक्टोबरमध्येही तेवढंच होतं. पण शेपटीचं मूळ बारीक झालंय आणि कमरेची हाडं वर आल्यासारखी वाटतात.

लेक फोनवर "आई, काही होत नाही त्याला" म्हणतो आणि मग दर तासाला फोन करतो.

कोपरी_लोकल | रात्री ११:१५

ताई, लाल भोपळा उकडून मिक्सरला फिरवा आणि सुई काढलेल्या सिरिंजने तोंडात सोडा. आमचा पोपट असाच वाचला.

नेरूळकर | रात्री ११:४०

ताई, कृपया सिरिंजने काहीही भरवू नका, निदान डॉक्टर सांगेपर्यंत. माझ्याकडे नऊ वर्षं इग्वाना होता, अनुभवाने सांगतो. एक तर घास श्वासनळीत जायची भीती. दुसरं म्हणजे याचं पचन अंगातल्या उष्णतेवर चालतं आणि ती उष्णता तो बाहेरून घेतो. अंग गार असताना पोटात ढकललेलं अन्न आत तसंच कुजतं. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न.

पांढऱ्या पुडीची काळजी नको, ते मीठ आहे. इग्वाना शरीरातलं जास्तीचं मीठ नाकातून शिंकून टाकतात. माझ्या पिंजऱ्याच्या काचेवर कायम खडूचे शिंतोडे असायचे. नाकातून चिकट पाणी येत असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता एवढं सांगा. तो ज्या फांदीवर ऊन्ह घेतो तिथे तापमान किती? रात्री किती? यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब आहे का, असेल तर किती जुनी? पिंजरा नेमका कुठे? खालचा जबडा हलकेच दाबून बघा, टणक लागतो की रबरासारखा? पायाची बोटं थरथरतात का?

हेमंत_घोडबंदर | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

मुळात हे पाळणं गुन्हा नाही का? वन विभागाला कळलं तर?

नेरूळकर | सकाळी ७:३०

हेमंतराव, घोरपड पाळणं गुन्हा आहे. ती आपली देशी, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली. हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. असे प्राणी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. ताई, लेकाने केली असेलच, कागद हाताशी ठेवा.

सुलभा_वर्तकनगर | सकाळी ९:२०

नोंदणी आहे, लेकाने २०२४ मध्येच केली. फ्रिजवर चुंबकाखाली आमच्या गॅसच्या पावतीशेजारी लावलेली आहे.

ड्रॉवरमध्ये लेकाचा डिजिटल थर्मामीटर सापडला. दिव्याखालच्या फांदीवर २८. पहाटे पाच वाजता पिंजऱ्यात १८. पिंजरा गॅलरीत, पण गॅलरीला सरकत्या काचा आहेत. वारा लागू नये म्हणून डिसेंबरपासून काचा बंदच ठेवते. सकाळचं ऊन काचेतून छान येतं. ट्यूब दोन वर्षांची आहे पण उजेड अगदी व्यवस्थित पडतो.

जबडा टणक. बोटं थरथरत नाहीत. जबडा बघताना माझीच थरथरत होती.

आणि एक कबुली. दर रविवारी अर्धं उकडलेलं अंडं देते, लेक द्यायचा म्हणून.

नेरूळकर | सकाळी १०:००

अंडं आजपासून बंद. हा शंभर टक्के पालेभाजीवरचा प्राणी, असल्या प्रथिनांनी मूत्रपिंडं जातात. पालकही रोज नको, कॅल्शियम अडवतो.

ट्यूबचा उजेड दिसतो म्हणजे यूव्हीबी आहे असं नाही. साधारण वर्षभरात ते किरण कमी होत जातात, उजेड तसाच राहतो. आणि काचेतून यूव्हीबी आत येतच नाही. तुमचं ते छान ऊन त्याला ऊब देतंय, पण ड-जीवनसत्त्व नाही, आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. दुपारी काच उघडून, एका बाजूला सावली ठेवून, अर्धा तास थेट ऊन द्या. तुम्ही तिथेच बसा, घारी-कावळे असतात.

फांदीवर ३२ ते ३५ हवं, रात्री २४ च्या खाली नको. आज रात्री पिंजरा हॉलमध्ये घ्या. कोमट पाण्याच्या टबात खांद्यापर्यंत पाणी, १५-२० मिनिटं. बहुतेक तिथेच शी करेल.

मला हे थंडीचंच वाटतंय. एक्स-रेची सोय असलेल्या, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांना मात्र दाखवाच. परळच्या बैलघोड्यात (जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात) फोन करून विचारा, असे डॉक्टर कोणत्या वारी असतात. माझे डॉक्टर नेरूळला आहेत, नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

माईंची_पडवी | दुपारी १:४५

मला त्या इग्वानातलं ओ की ठो कळत नाही, पण सकाळपासून धागा वाचतेय आणि राहवेना. आमच्या गावी कोंबड्या होत्या. कोंबडी अंड्यावर आली की जागा शोधत फिरायची, राख उकर, पेंढा उकर, माळ्यावर चढ, आणि दाण्याकडे लक्ष नाही. सुलभाताई, तुमचा भैरू कोपरा उकरतोय, कुंडी उकरतोय, जेवत नाही, आणि तरी अंगात रग आहे.

भैरू नर आहे हे सांगितलं कुणी?

नेरूळकर | दुपारी २:१०

माई, दंडवत घ्या.

ताई, मी तापमान विचारत बसलो आणि तुळशीची कुंडी वाचूनही पुढे गेलो. तुम्ही स्वतःच लिहिलं होतं: वजन तेवढंच, पण शेपटीचं मूळ बारीक आणि कमरेची हाडं वर. मग अंगावरचं उतरलेलं मांस काट्यावर दिसत का नाही? पोटात दुसरं काहीतरी भरलंय म्हणून.

मांडीच्या खालच्या बाजूला ठिपक्यांची एक रांग असते. नरामध्ये ते ठिपके मोठे, कंगव्याच्या दात्यांसारखे मेणचट पुढे आलेले. मादीत बारीक टिंबं. नराचे गालही फुगीर लोंबते असतात. मांडीचा फोटो टाका.

सुलभा_वर्तकनगर | दुपारी ३:३०

फोटो टाकलाय. टिंबं. बारीक.

पण घरात दुसरा इग्वाना नाहीच, मग अंडी कुठून?

नेरूळकर | दुपारी ३:४०

नर लागत नाही. दुकानातली कोंबडीची अंडी तरी कुठे फळलेली असतात? मादी वयात आली की या दिवसांत अंडी धरू शकते, एका वेळी २० पासून ६०-७० पर्यंत. पोटात अंडी दाटली की खायला जागा उरत नाही, म्हणून घालण्याआधी तीन-चार आठवडे उपास चालतो. हे नैसर्गिक आहे.

धोका कुठे, तर उकरायला जागा मिळाली नाही की ती अंडी अडवून धरते, आणि मग ऑपरेशन. शिवाय कवचाचं कॅल्शियम तिच्याच हाडांतून जातं आणि तुमची ट्यूब दोन वर्षांची. जोवर ती तरतरीत आहे तोवर वेळ आहे. डोळे मिटून पडून राहिली, मागचे पाय ओढायला लागली किंवा बोटं थरथरली तर त्याच तासाला निघा, रात्र असली तरी. उद्याची वेळ घेऊनच टाका.

सुलभा_वर्तकनगर | १३ जानेवारी, रात्री ९:१५

जाऊन आले. अभ्र्यात भैरू, अभ्रा भाजीच्या पिशवीत, आणि रिक्षाने कळवा-विटावा-ऐरोली करत नेरूळ. विटाव्याच्या खड्ड्यात पिशवीने उसळी घेतली तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी म्हटलं, शेवगा आहे.

डॉक्टर तरुण आहेत, त्यांनी आधी तिच्या डोळ्यांवर मऊ फडकं बांधलं आणि ती गपकन शांत झाली. एक्स-रेत पोट म्हणजे द्राक्षांचा पेटारा. एकमेकांवर चढल्यामुळे नक्की मोजता येत नाहीत, तिसाच्या आसपास म्हणाले. हाडं थोडी फिकी दिसतात, पण मोडतोड नाही. कॅल्शियम सिरप दिलंय, मात्रा वजनावर काढलेली आहे, म्हणून इथे लिहीत नाही. टॉनिकची बाटली बघून हसले आणि परत खिशात ठेवायला सांगितली.

अंडी घालायला डबा करायला सांगितलाय. तो कसा करायचा?

नेरूळकर | रात्री ९:४०

तिला आत गिरकी घेता येईल एवढा मोठा झाकणाचा प्लास्टिकचा टब. झाकणाला एका कडेला ती शिरेल एवढं भोक, आत अंधार हवा. निम्मी रेती, निम्मी माती, किमान फूटभर थर. ओल किती, तर मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे पण पाणी सुटता कामा नये. बोगदा ढासळला की ती काम सोडून देते. खोली उबदार ठेवा, आणि डोकावून बघू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

माईंची_पडवी | रात्री ९:५५

आणि नाव आता भैरवी ठेवा.

सुलभा_वर्तकनगर | १४ जानेवारी, दुपारी ४:००

समोरच्या बिल्डिंगच्या कामावरून दोन घमेली रेती आणली. मुकादमाने विचारलं कशाला, तर म्हटलं बाळंतपणाला. आज संक्रांत, त्याला तिळगूळ दिला, त्याने तिसरं घमेलं फुकट दिलं.

माई, नाव भैरूच राहू दे. दोन्हीपैकी कुठल्याही हाकेला येत नाही.

सुलभा_वर्तकनगर | १७ जानेवारी, सकाळी ६:३५

परवा पहिल्यांदा टबात गेली, उकरलं आणि बाहेर आली. काल दिवसभर तेच. रात्री आठला आत गेली ती गेलीच. मी हॉलमध्ये खुर्ची टाकून बसले. अकरापर्यंत झाकणावर आतून रेती आपटल्याचा आवाज येत होता, मग बंद. त्या तीन तासांत मी लेकाला सात वेळा फोन केला.

पहाटे चारला डोकं बाहेर आलं. नाकावर माती, पोटाची पिशवी रिकामी लोंबतेय, कमरेची हाडं खुंटीसारखी. पण बाहेर येऊन लगेच मागे वळली आणि पुढच्या पायांनी भोक बुजवायला लागली. अर्धा तास बुजवत होती. त्या खालच्या फोल अंड्यांसाठी. ते बघून मी जरा स्वयंपाकघरात जाऊन आले.

२९ अंडी. पांढरट, मऊ, चामड्यासारखी, लिंबापेक्षा लहान. थांबा, ती परत आत चाललीये.

सुलभा_वर्तकनगर | सकाळी ९:१०

आणखी दोन. एकूण ३१.

कोमट पाण्यात ठेवली, खूप वेळ पाणी प्यायली. मग एक जास्वंद खाल्लं. अख्खं, देठासकट.

नेरूळकर | सकाळी ९:३०

अभिनंदन ताई! तरी आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढा, एखादं आत राहिलं असेल तर तेव्हाच कळेल. यूव्हीबी ट्यूब आजच मागवा. शेवग्याचा पाला आणि कॅल्शियम चालू ठेवा. आणि हे पुढच्या वर्षीही होण्याची शक्यता आहे. दरवर्षी नको असेल तर अंगावर मांस धरल्यावर गर्भाशय-बीजांडं काढण्याच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी बोला.

हेमंत_घोडबंदर | सकाळी १०:१५

त्या अंड्यांचं काय करणार?

सुलभा_वर्तकनगर | सकाळी १०:४०

दोन लेकाला दाखवायला फ्रिजरमध्ये ठेवलीत, डब्यावर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहून. बाकीची सोसायटीच्या बागेत पुरली, कंपोस्टच्या खड्ड्यात. तुळस नवीन आणलीये, यावेळी टांगती कुंडी. पुढचा एक्स-रे २४ तारखेला, काय निघतं ते लिहीन.