सिकलसेलच्या अहवालातील शब्दांचा नेमका अर्थ काय?

देवरीकर (प्रश्न)
माझ्या मामेभावाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘एसएस पॅटर्न, लहानपणी डॅक्टिलायटिस, ऑटोस्प्लेनेक्टॉमी, उजव्या खुब्याचा एव्हीएन’ असे लिहिले आहे. त्यातच उपकेंद्राच्या शिबिरात माझ्या बहिणीची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. तिच्या सोयरिकीची बोलणी सुरू असल्याने घरचे धास्तावले आहेत. या शब्दांचा अर्थ कृपया कोणी सांगेल का, आणि बहिणीलाही हाच आजार आहे का?

वैनगंगाकाठ
दादा, मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून आधी बहिणीविषयी सांगतो. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. ते गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरील रेषा दिसेनाशा झाल्या, की रक्तात ‘एस’ (सिकलसेलचे सदोष) हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. ते एकाच पालकाकडून आले की दोघांकडून, हे या चाचणीत कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. ‘एएस’, म्हणजे एका पालकाकडून नेहमीचे ‘ए’ आणि दुसऱ्याकडून ‘एस’, आले तर ती वाहक. अशा व्यक्तीत ‘ए’चे प्रमाण ‘एस’पेक्षा जास्त असते आणि सहसा काहीही त्रास होत नाही. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. शिबिराच्या चिठ्ठीवरून मुलीला रुग्ण ठरवणे मला साफ चुकीचे वाटते.

आता कार्डाविषयी. ‘एसएस’ रुग्णाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. कार्डावरील बाकीचे तिन्ही शब्द या अडकण्याचेच परिणाम आहेत. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजून ठणकतात, ते डॅक्टिलायटिस. प्लीहेचा रक्तपुरवठा वारंवार तुटून ती आक्रसून निकामी होते, ती ऑटोस्प्लेनेक्टॉमी. अशा रुग्णाला जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून ताप आल्यास घरी थांबू नये. मांडीच्या हाडाचा गोल माथा रक्ताअभावी मरतो, तो एव्हीएन.

कोरचीवाला
माझा मुलगा ‘एसएस’ आहे. वरच्या यादीत ‘क्रायसिस’ राहिला, आणि घरच्यांना सर्वांत आधी कळायला हवा तो हाच. हाडांत अचानक उठणारी ही असह्य कळ थंडीत, पाणी कमी प्यायल्याने किंवा रोवणीसारख्या अंगमेहनतीनंतर येते. तो भिंतीला पाठ लावून बसला आणि बोलेनासा झाला, की आम्ही ओळखतो. हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाल्यापासून कळा कमी झाल्या, मात्र त्या गोळ्यांसोबत रक्ततपासणी नियमित करावी लागते.

देवरीकर
मनापासून आभार. बहीण ‘एएस’ निघाली तर सोयरीक मोडावी लागेल का?

वैनगंगाकाठ
मुळीच नाही. नवरा मुलगा ‘एए’ असेल तर मुले ‘एए’ किंवा ‘एएस’ होतील, ‘एसएस’ नाही. दोघेही ‘एएस’ असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ बाळाची शक्यता 25 टक्के असते. तेव्हा 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. मुलाकडच्यांनी फक्त सोल्युबिलिटीची चिठ्ठी दाखवली आणि ती निगेटिव्ह असली, तरी एचपीएलसीचा आग्रह धरा, कारण बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक सोल्युबिलिटी चाचणीत सापडत नाही आणि ‘एस’सोबत त्याची जोडी पडली तरी बाळाला आजार होऊ शकतो.