पीएचपी : सकाळ-संध्याकाळचे अ‍ॅरे जोडले आणि साडेसहा लिटर दूध गायब

सचिवांची_लेक

आई आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव आहे. गाव करवीर तालुक्यात, मी नोकरीला रोज शाहूपुरीत. दहा दिवसांचं बिल ती वहीत काढते आणि रात्री डोळे चोळत बसते, म्हणून मी पीएचपीत (प्रोग्रॅमिंगची भाषा) काहीतरी बांधायला घेतलंय. सकाळच्या संकलनाचा एक अ‍ॅरे, संध्याकाळचा एक. अ‍ॅरे म्हणजे की-व्हॅल्यूच्या जोड्यांची यादी; इथं की म्हणजे खाते नंबर, व्हॅल्यू म्हणजे लिटर. (व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवलीत, आणि चालतात! ऑफिसातले हसले. हसू देत.)

$सकाळ = [१२ => ४.५, २७ => ६, १०३ => ३];
$संध्याकाळ = [१२ => ४, ४१ => ५.५, १०३ => २.५];

आधी अ‍ॅरे_मर्ज वापरलं. बेरीज २५.५, बरोबर. मी खूश. आईनं स्लिपा हातात घेतल्या आणि म्हणाली, "शून्य नंबरचं खातं कुणाचं गं हे? आणि बारा नंबरच्या मावशी कुठं गेल्या?" खाती ० ते ५ अशी झाली होती. मग नुसतं अधिक चिन्ह घातलं, $सकाळ + $संध्याकाळ. नंबर जागेवर आले, पण बेरीज १९! एरर नाही, वॉर्निंग नाही, साडेसहा लिटर गेलं कुठं?

आणखी एक. सकाळी दूध घातलं पण संध्याकाळी नाही, अशी खाती आईला रोज हवी असतात. म्हैस आटली की आजारी आहे, ते विचारायला. अ‍ॅरे_डिफ लावलं तर १२, २७, १०३ तिन्ही येतात. यायला हवं फक्त २७.

मिरजकर_तिकटी

ताई, दूध सांडलं नाही, अधिक चिन्हानं ते घेतलंच नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात बघा, तसं आहे हे. डावीकडच्या अ‍ॅरेनं ज्या कीवर रुमाल टाकला ती सीट त्याची. उजवीकडचा त्याच कीवर आला तर त्याला उभंसुद्धा राहू देत नाहीत. १२ चे ४ आणि १०३ चे २.५, हे तुमचे साडेसहा.

अ‍ॅरे_मर्जची तऱ्हा वेगळी. की पूर्णांक असेल तर ते शून्यापासून नवे नंबर देतं, म्हणून शून्य नंबरचं खातं. आणि की स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) असेल तर नंतरचा अ‍ॅरे आधीच्याला पुसतो. उद्या गाय-म्हैस वेगळं करायला तुम्ही '१२-गाय' अशी की केलीत, तर सकाळचं दूध जाईल आणि संध्याकाळचं राहील. अधिक चिन्हाच्या बरोबर उलट. अ‍ॅरे_रिप्लेस नंबर जपतं, पण पुसतं तेही. पीएचपी ८.१ पासून तीन टिंबांनी (...) स्ट्रिंग की असलेले अ‍ॅरेही पसरता येतात, नियम मात्र मर्जचाच.

थोडक्यात, यातलं कुणीच बेरीज करत नाही. ती आपण करायची:

$एकूण = $सकाळ;
फॉरईच ($संध्याकाळ अ‍ॅज $खाते => $लिटर) {
  $एकूण[$खाते] = ($एकूण[$खाते] ?? ०) + $लिटर;
}

अ‍ॅरे_डिफ व्हॅल्यू बघतं, की बघतच नाही. ४.५, ६ आणि ३ यातला एकही आकडा संध्याकाळच्या यादीत नाही, म्हणून तिघंही आले. उलट संध्याकाळी कुणीही बरोबर ६ लिटर घातलं असतं, तर २७ नंबर यादीतून गुपचूप गळला असता. तुम्हाला हवं अ‍ॅरे_डिफ_की($सकाळ, $संध्याकाळ). ते एकाच बाजूनं बघतं. फक्त संध्याकाळी आलेला ४१ हवा असेल तर अ‍ॅरे उलटे द्या.

पुण्यातला_कोल्हापुरी

लूप कशाला? '१२-गाय' अशा स्ट्रिंग की असतील तर अ‍ॅरे_मर्ज_रिकर्सिव्ह दोन्ही आकडे एका यादीत ठेवतं, मग प्रत्येकावर अ‍ॅरे_सम.

मिरजकर_तिकटी

आणि जे फक्त सकाळी किंवा फक्त संध्याकाळी आले त्यांचं काय? त्यांची यादी होत नाही, सुटा आकडाच राहतो. त्यावर अ‍ॅरे_सम चालवलं तर पीएचपी ८ टाइपएरर देऊन बंद पडतं. पुण्यात सगळे दोन्ही वेळा दूध घालतात वाटतं.

पुण्यातला_कोल्हापुरी

मान्य भावा, लूपच बरा. पण ताई, लिटर दशांशात ठेवू नका, मिलिलिटरमध्ये पूर्णांक ठेवा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकाच्या लेखी ०.३ नसते, आणि वहीशी ताडून बघताना हे नेमकं नडतं. ताडताना दुहेरी बरोबर (==) लावलंत तर तेच की आणि तीच व्हॅल्यू पुरते. तिहेरीला (===) क्रम आणि टाइपही तोच लागतो, आणि वहीतला क्रम म्हणजे बायका ज्या क्रमानं रांगेत आल्या तो.

सचिवांची_लेक

लूप घातला. वर दिलेल्या आकड्यांवर १२ चे ८.५, १०३ चे ५.५, सगळं बरोबर. पण ते मी हातानं टाइप केले होते. काल मशीनची खरी फाइल घेतली, तर एकूण बेरीज जुळते आणि काही खाती दोनदा येतात. सगळी शंभरच्या खालची! वरची एकही नाही. आई म्हणते, जुन्या सभासदांवरच का राग?

मिरजकर_तिकटी

सकाळचं वहीवरून टाइप करता आणि संध्याकाळचं मशीनमधून घेता का? मशीन तीन आकडी नंबर लिहीत असणार, ०१२, ०२७. '१०३' ही स्ट्रिंग की म्हणून दिली तर पीएचपी स्वतःच तिचा पूर्णांक १०३ करतं. पण '०१२' पुढच्या शून्यामुळं स्ट्रिंगच राहते. मग १२ वेगळ्या मावशी आणि ०१२ वेगळ्या. फाइल वाचतानाच की पूर्णांकात बदला, (इंट) $खाते.

सचिवांची_लेक

तेच होतं! सकाळची वही, संध्याकाळचं मशीन. दोन्हीकडं (इंट) लावलं, मिलिलिटरही केले. आज रात्री आईनं वही घेतली, मी स्क्रीन, आणि एकेक खातं मोठ्यानं वाचून ताळा केला. एका ठिकाणी फरक निघाला, ४१ नंबर. पुन्हा बघितलं तर वहीत आईच हातचा एक विसरली होती. ती आता म्हणते, मागची बिलं पण टाकून बघ.