प्रतिसाद: अ‍ॅक्युम्युलेटरच्या तळाचं भोक

कूलिंग यंत्रणेत गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या नळीवर, म्हणजे सक्शन लाइनवर, बसवतात ती टाकी म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. "सक्शन लाइनला अ‍ॅक्युम्युलेटर टाकला की कॉम्प्रेसरची चिंता मिटली" हे म्हणणं अर्धंच खरं. वाफ न झालेला गॅस लिक्विड म्हणून परत आला तर तो टाकीत थांबतो आणि टाकीतल्या यू आकाराच्या नळीच्या वरच्या तोंडातून फक्त वाफ पुढे जाते, इथवर ठीक. पण त्या नळीच्या तळाशी एक बारीकसं भोक असतं, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. गॅसबरोबर आलेलं तेल तिथूनच थोडं थोडं कॉम्प्रेसरकडे परत जातं. आतून नायट्रोजन न सोडता ब्रेझिंग (धातू वितळवून नळ्यांचा जोड) केलं की नळीत काळी खपली धरते, ती सुटून नेमकी त्या भोकात बसते.

आमच्या सावद्याकडे केळी पिकवायच्या एका चेंबरला हेच झालं. साइट ग्लासात (कॉम्प्रेसरमधलं तेल पाहायच्या काचेत) तेल दिसेना, मेकॅनिक बुवा वरून तेल ओततच राहिले. शेवटी टाकी काढून उलटी केली तर सगळं तेल तिच्यातच! आणि हो, थंडीच्या रात्री बंद कॉम्प्रेसरच्या क्रँककेसमध्ये (तळाच्या तेल साठणाऱ्या भागात) जो गॅस द्रव होऊन साचतो, त्यावर ही टाकी फारशी कामाची नाही; तिथे क्रँककेस हीटर किंवा पंप-डाउनच (बंद करण्याआधी गॅस ओढून दुसरीकडे साठवणं) लागतं.