लिफ्ट की साधा स्टँड?

बेल्ट, क्लच, प्लग यांच्या कामापुरतीच स्नोमोबाईलची (बर्फावर धावणाऱ्या गाडीची) लिफ्ट, म्हणजे गाडी वर उचलून धरणारं साधन, घेत असाल तर पैसे वाचवा. ट्रॅकचा, म्हणजे गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचा, ताण तपासायलाही मागचा बंपर उचलणारा स्टँड पुरतो. लिफ्टची खरी किंमत कळते मागचं सस्पेन्शन उतरवताना. बहुतेक गाड्यांत ते टनेलला (ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या सांगाड्याला) ४ बोल्टांनी धरलेलं असतं. त्यांवरचा भार गेल्याशिवाय बोल्ट सरकत नाहीत, आणि ठोकून काढले तर आटे जातात. तिथे उंची बोटभर वरखाली करता येणं फार सोयीचं.

मोटारसायकलची अरुंद लिफ्ट चालते, पण इंजिनाचं वजन पुढे असतं. सस्पेन्शन निघालं की गाडी नाकावर कलते. म्हणून आधीच पुढे ठोकळे द्या, पट्ट्यांनी आवळा. नुसत्या हायड्रॉलिक दाबावर विसंबू नका, लॉकची खीळ लावाच.